मॉरिशसला जाऊन झाडं काय बघायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मॉरिशसहून परतल्यावर घरच्यांना फोटो दाखवायला बसले, तर पाचव्या मिनिटाला नणंद म्हणाली, "अगं, समुद्र कुठाय?" समुद्र होता, पण खोडांच्या मागे. त्या दिवसापासून जाणाऱ्यांचे, जाऊन आलेल्यांचे आणि नुसत्या चौकस माणसांचे जे प्रश्न आले, ते इथे एकत्र करून ठेवते आहे. 'पाम' हा शब्द मी माडाच्या अख्ख्या कुळासाठी वापरते. आपले माड, पोफळ, ताड, शिंदी, भेरलामाड हे सगळे त्यातच आले.

आपल्या कोकणात माड काय कमी आहेत, की त्यासाठी मॉरिशस गाठावं?

माडांसाठी जाऊच नका. वेंगुर्ल्याजवळच्या वाडीत माझं लहानपण गेलं. आमच्याकडे माडाकडे बघतात ते नारळ उतरवणारा पाडेली आला की. किती उतरले, किती वांझ गेले, सोडणं कुणी नेली, एवढाच हिशेब. झाड म्हणून माडाकडे मी तिशी उलटेपर्यंत पाहिलं नव्हतं, हे कबूल करायला हरकत नाही.

मॉरिशसची गंमत वेगळी आहे. हे बेट ज्वालामुखीतून वर आलं, कुठल्याही मोठ्या भूमीला कधीच जोडलेलं नव्हतं. वाऱ्यावर, पाण्यावर, पक्ष्यांच्या पोटातून जे काही पोचलं ते तिथेच आपापल्या तऱ्हेने वाढलं. त्यामुळे मॉरिशस, रेयुनियन आणि रोड्रिग्स या शेजारच्या तीन बेटांवर असे पाम आहेत, जे मूळचे जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. ते बघायला जायचं.

मग विमानतळावर उतरल्यापासूनच पाम दिसतात?

विमानतळावर जे दिसतं तो पाम नाही, आणि इथेच बहुतेकांची पहिली फसगत होते. २०१३ साली सुरू झालेल्या टर्मिनलच्या छताची कल्पना ज्या झाडावरून घेतली, त्याला 'ट्रॅव्हलर्स पाम' म्हणतात. हातपंखा उघडावा तशी एका ओळीत पानं. हॉटेलांच्या दारात तेच, भेटकार्डांवर तेच. पण ते केळीच्या जवळच्या नात्यातलं झाड आहे आणि मूळचं मादागास्करचं. मॉरिशसच्या ओल्या रानात ते इतकं माजलंय की तिथले वनवाले ते उपटून काढतात. पानाच्या देठाशी पावसाचं पाणी साठतं, तहानलेला प्रवासी ते पितो, म्हणून ते नाव. मी डोकावून पाहिलं. डासांच्या अळ्या होत्या.

निदान किनाऱ्यावर तरी माडांच्या रांगा असतील?

हॉटेलांच्या हद्दीत आहेत, मुद्दाम लावलेल्या, बऱ्याच ठिकाणी नारळ आधीच उतरवून ठेवलेल्या. सार्वजनिक किनाऱ्यांवर मात्र सुरूची बनं. तिकडे त्याला फिलाओ म्हणतात. फ्लिक-आं-फ्लाकला सुरूखाली सतरंज्या अंथरून बिर्याणी खात बसलेली कुटुंबं पाहिली आणि क्षणभर गुहागरला असल्यासारखं वाटलं. सुरूही तिथला नव्हे, बाहेरून आणून लावलेला.

माडाचं खरं साम्राज्य बघायचं तर आगालेगा. ही मॉरिशसच्याच मालकीची बेटं, पण मुख्य बेटाच्या उत्तरेला सुमारे हजार किलोमीटर दूर, आणि तिथली वस्ती खोबरेल तेलाच्या मळ्यांवर उभी राहिली. पर्यटकाला तिथे सहज जाता येत नाही. पूर्व किनाऱ्यावर 'कात्र कोको' नावाचं गाव आहे, म्हणजे 'चार नारळ'. त्यावर समाधान मानावं.

बरं, तिथले मूळचे पाम कोणते? ओळखायचे कसे?

आधी पान बघा. पिसासारखं आहे की पंख्यासारखं? माड, पोफळ पिसासारखे, ताड पंख्यासारखा. एवढं डोळ्याला वळण लागलं की अर्धं काम झालं.

पंख्यासारख्या पानांचा तिथला मूळचा पाम म्हणजे लातानिये. मॉरिशसचा निळसर, रेयुनियनचा तांबूस, रोड्रिग्सचा पिवळसर. तीन बेटं, तीन भावंडं. नराचं झाड वेगळं, मादीचं वेगळं, आपल्या ताडासारखंच. निळ्या लातानियेचं पान उन्हात धरलं तर त्यावर राख फासल्यासारखी छटा दिसते. पूर्वी ही पानं घरं शाकारायला वापरत. पोर्ट लुईमधून वाहणाऱ्या एका नदीचं नावच 'लातानिये' आहे. आता तिच्या काठी घरं आणि पूल दिसतात, नाव तेवढं झाडाचं राहिलं.

पिसासारख्या पानांत सगळ्यात गमतीदार म्हणजे बॉटल पाम. खोड बुंध्याशी फुगलेलं, वर एकदम निमुळतं, डोक्यावर जेमतेम चार-सहा झावळ्या. पोट सुटलेला माणूस छत्री धरून उभा आहे असं ध्यान. त्याच्या वंशाच्या शास्त्रीय नावाचा, हायोफोर्बेचा, ग्रीक अर्थ 'डुकरांचं खाद्य'. नाव ठेवणाऱ्याला झाडापेक्षा खाली पडलेली फळं जास्त दिसली असावीत.

मग पाल्मिस्त. पांढरा पाल्मिस्त शेलाटा, पोफळीची आठवण करून देणारा. पानांच्या खाली खोडाभोवती जो गुळगुळीत नळा असतो, पोफळीची विरी जिथून सुटते तो, तिथे नीट बघा; या कुळातली बरीच ओळख त्या नळ्याच्या रंगावर आणि फुगीरपणावर ठरते. तांबड्या पाल्मिस्तला काटे असतात. आणि टेक्टिफियाला नावाचा एक पाम तर काट्यांनीच बनल्यासारखा. त्याच्या वंशात ही एकच जात, ती फक्त मॉरिशसच्या ओल्या उंच भागात, तीही अगदी मोजकी झाडं. मला तो दिसला नाही.

क्युरपिपच्या बागेत एक एकटं झाड आहे म्हणतात. ते बघण्यासारखं आहे का?

बघण्यासारखं असं काही नाही. मी दोनदा गेले.

क्युरपिप हे बेटाच्या मधल्या पठारावरचं गाव. किनाऱ्यावर ऊन असलं तरी तिथे रिमझिम आणि गारठा, छत्री न्याच. तिथल्या वनस्पती उद्यानात कुंपण घातलेला एक बारीकसा पाम उभा आहे. हायोफोर्बे अमॅरिकॉलिस. म्हणजे बॉटल पामचा सख्खा भाऊ, पण पोट न सुटलेला. या जातीचं हे जगातलं शेवटचं ज्ञात झाड. रानात नाही, दुसऱ्या बागेत नाही, कुठेच नाही.

तुम्ही विचाराल, फुलं येत नाहीत का? येतात. एकाच झाडावर नरफुलं आणि मादीफुलं, दोन्ही. पण दोन्ही एका वेळी उमलत नाहीत. आधी नरफुलं उमलून गळून जातात, मग मादीफुलं उघडतात, तोवर परागकण संपलेले. पूर्वी शेजारी दुसरं झाड असताना याने काही अडत नसेल. आता शेजारीच नाही. शास्त्रज्ञांनी हाताने परागीकरण करून पाहिलं, प्रयोगशाळेत बियांतला गर्भ काढून काचेच्या नळीत वाढवून पाहिला, रोपंही झाली. ती बाहेरच्या मातीत जगली नाहीत.

झाड जुनं आहे आणि वादळं दरवर्षी येतात. पहिल्यांदा गेले तेव्हा शाळेची सहल आली होती, मुलं कुंपणाला टेकून वडापावसारखं काहीतरी खात होती आणि झाडाकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. मला ते बरं वाटलं, का ते सांगता येणार नाही.

पाम्प्लमूसची बाग किती वेळ ठेवावी?

टूरवाले पाऊण तास देतात. त्यात मोठ्या कमळपानांच्या तळ्याजवळ फोटो होतो, बाकी काही नाही. अर्धा दिवस ठेवा, सकाळी लवकर जा, पायांना डासांचं मलम लावा.

बागेचं आताचं नाव सर शिवसागर रामगुलाम वनस्पती उद्यान. त्यांची समाधीही तिथेच आहे. फ्रेंच अमदानीत, १७७० च्या सुमारास, प्येर प्वाव्र या गृहस्थाने इथे मसाल्याची झाडं जमवायला सुरुवात केली. डच व्यापाऱ्यांची लवंग-जायफळावरची मक्तेदारी मोडायची होती. पुढे जगभरचे पाम येऊन पडले. उंच, करड्या सिमेंटच्या खांबांसारखे दिसतात ते रॉयल पाम, कॅरिबियन बाजूचे. त्यांच्या दुतर्फा रांगेतून चालताना माणूस उगाच ताठ होतो.

पण वेळ राखून ठेवा तो तालिपोटसाठी. मूळचा श्रीलंका आणि दक्षिण भारताचा. एकेक पान पाच मीटरपर्यंत रुंद, त्याखाली आमचं अख्खं कुटुंब पावसात कोरडं उभं राहील. याच्या पानांवर पोथ्या लिहीत. हा तीस ते ऐंशी वर्षं नुसता वाढतो, एकदाही फुलत नाही. मग एका वर्षी शेंड्यातून सहा-आठ मीटरचा फुलोरा काढतो, त्यात लाखो फुलं. फळं पिकायला वर्षभर लागतं, आणि फळं पिकली की झाड मरतं. आयुष्यभर साठवलेलं सगळं पिष्ट त्या एका फुलोऱ्यात ओतलेलं असतं.

आपलं याच्याशी जुनं नातं आहे, फक्त झाड माहीत नसतं. लहान मुलांना दृष्ट लागू नये म्हणून बांधतात तो बजरबट्टू या तालिपोटचं बी. माझ्या मुलाच्या मनगटावर आजेसासूबाईंनी बांधला होता. मी गेले तेव्हा बागेत एकही तालिपोट फुलात नव्हता. हे नशिबावर सोडायचं, फुलोऱ्याची तारीख कुणी सांगितली तर विश्वास ठेवू नका.

तो दोन नारळ जोडल्यासारखा दिसणारा नारळ तिथलाच ना?

नाही, तो सेशेल्सचा. प्रालँ बेटावरची व्हॅली द मे ही त्याची जागतिक वारसा असलेली दरी. आपल्याकडे त्याला दर्याचा नारळ म्हणत, कारण झाड कुणी पाहिलेलं नव्हतं, फक्त वाहत आलेल्या करवंट्या सापडत. फकिरांच्या हातातलं काळं कमंडलू पुष्कळदा त्याचंच असे. मॉरिशसच्या दुकानांत त्याच्या आकाराच्या वस्तू भरपूर मिळतात. ज्येष्ठ मंडळींसाठी भेट म्हणून नेण्याआधी आकार एकदा नीट बघून घ्या.

राउंड आयलंडला बोट जाते का?

पर्यटकांना उतरता येत नाही, आणि ते योग्यच आहे. मुख्य बेटाच्या उत्तरेला सुमारे बावीस किलोमीटरवर हा दोनेक चौरस किलोमीटरचा खडक. उंदीर तिथे कधी पोचले नाहीत, म्हणून मुख्य बेटावर संपलेलं पुष्कळ काही तिथे उरलं. पण एकोणिसाव्या शतकात कुणीतरी शेळ्या आणि ससे सोडले. त्यांनी उगवणारा प्रत्येक कोंब खाल्ला. जुने पाम उभे, खाली नवं एकही नाही, आणि पावसाबरोबर माती समुद्रात. शेळ्या १९७९ पर्यंत काढल्या, ससे १९८६ मध्ये. त्यानंतर लातानिये आणि बॉटल पामची पिलावळ पुन्हा उभी राहू लागली. जगभरच्या बंगल्यांपुढे दिसणाऱ्या बॉटल पामचं रानातलं घर हे एवढंच.

त्याऐवजी माएबूरजवळच्या इल ओ एग्रेतला जा. छोटं पोवळ्याचं बेट, वाटाड्याबरोबरच फिरवतात, महाकाय कासवं रस्त्यात बसलेली असतात आणि गुलाबी कबुतर दिसायची बरीच शक्यता.

'पाम सॅलड' खाल्लं का? कसं लागतं?

खाल्लं, एकदा. पाल्मिस्तच्या शेंड्यातला पांढरा कोवळा गाभा, पातळ कापून, वर लिंबू-तेल. चव शहाळ्यातल्या मलईची आणि कोवळ्या काकडीची. तिथे त्याला 'लक्षाधीशांचं सॅलड' म्हणतात. कारण सरळ आहे. माडाला जसा एकच शेंडा असतो तसाच यालाही. तो काढला की झाड संपलं. तुमच्या बशीत काही वर्षं वाढवलेलं एक अख्खं झाड असतं. आता त्यासाठी पाल्मिस्तची शेती करतात, म्हणून खाण्यात पाप नाही, पण रानातून तोडलेला असेल तर आहे. वाढणाऱ्याला विचारा.

कोकणात वादळात माड पडला की आम्ही मुलं त्याच्या गाभ्यासाठी धावायचो. मोठी माणसं कपाळाला हात लावून बसलेली असायची आणि आमची मात्र चंगळ.

वादळात ही झाडं टिकतात कशी?

सगळी टिकत नाहीत. ३ जून २०२० च्या 'निसर्ग' वादळाने श्रीवर्धन-दापोली पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या बागांची काय दशा केली ते आपण पाहिलंय. तरी आंबा-फणसापेक्षा या कुळाची रचना वाऱ्याला सोयीची. खोडात लाकडाचा एकसंध गाभा नसतो. मऊ गरात दोरखंडासारखे धागे विखुरलेले असतात, म्हणून ते वाकतं. फांद्या नाहीत, त्यामुळे वाऱ्याला धरायला जागा कमी. पिसासारखं पान वाऱ्यात मिटतं. पांढऱ्या पाल्मिस्तला तर इंग्रजीत नावच वादळावरून पडलंय. मॉरिशसमध्ये १९६० चं 'कॅरोल' वादळ अजून आजी-आजोबांच्या बोलण्यात येतं.

तुमच्या कामाची गोष्ट: वादळांचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. इशाऱ्याच्या चढत्या पायऱ्या असतात, तिसरी लागली की सगळं बंद आणि सगळे घरात. खिडकीतून बघायचं.

खोडावर वळी दिसतात, त्यावरून वय कळतं का?

वर्षं नाही कळत. ती गळून गेलेल्या झावळ्यांची वणं. निरोगी माड वर्षाला बारा-चौदा झावळ्या टाकतो, म्हणजे एक वळं साधारण एका महिन्याचं. घरच्या माडावर मोजून बघा, मजा येते.

आणखी एक. पामच्या खोडाला साल भरून येण्याची सोय नसते. जखम झाली की ती कायमची. बागेत एका रॉयल पामवर बदामात दोन नावं कोरलेली होती, देवनागरीत. वाचून मान खाली गेली.

तिथे मराठी माणसं भेटतात का?

हो, आणि झाडांच्या गप्पा मारायला तीच सगळ्यात चांगली. १८३४ पासून १९२० पर्यंत सुमारे साडेचार लाख हिंदी मजूर उसाच्या मळ्यांसाठी त्या बेटावर उतरले. ते उतरले तो धक्का म्हणजे पोर्ट लुईचा आप्रवासी घाट. त्यांत रत्नागिरीकडचे बरेच. गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते, आणि आपल्या जाखडीला ते झाकरी म्हणतात.

एका आजींच्या अंगणात मला वाकोआ दाखवला गेला. पाम वाटतो, पण नाही. केवड्याचा भाऊबंद, खालून मुळांच्या काठ्या टेकून उभा. त्याच्या पानांच्या गोण्या विणून त्यात साखर परदेशी जायची. वाकोआ नावाचं गावही आहे. आजींची भाषा क्रिओल, मधूनच मराठी. मी म्हटलं, आमच्याकडे याला केवडा. त्या म्हणाल्या, "गणपतीला चालतो?" मी म्हटलं, चालतो. मग त्यांनी सुनेला हाक मारून ते क्रिओलमध्ये सांगितलं.

डोक्यात नारळ पडण्याची भीती?

माडाखाली आरामखुर्ची टाकू नका. कोकणातल्या कुणाला हे सांगावं लागत नाही.

फोटो चांगले कसे यावेत?

पश्चिमेला संध्याकाळी, पूर्वेला बेल मारच्या बाजूला पहाटे. पण सगळा पाम एका चौकटीत मावत नाही, त्याचा नाद सोडा. खोडाला पाठ टेकून वर बघा आणि पानं जिथून फुटतात तिथे रोख धरा. माझे तेवढेच फोटो बरे आलेत. नणंदेला तेही पटलेले नाहीत.

पाम तेल याच झाडांचं का?

नाही. ते पश्चिम आफ्रिकेच्या तेलताडाचं.

बी किंवा रोप आणता येईल?

खिशात घालून नाही. भारतात बी-रोप आणायला आयातीचा परवाना आणि तिकडचं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं, आणि दुर्मीळ झाडांचं बी उचलणं तिथेही गुन्हा ठरू शकतो. बॉटल पाम हवा असेल तर तो इथल्या रोपवाटिकांत वाढवलेला मिळतो.

मिळतो? आमच्या सोसायटीत आहेच की बॉटल पाम!

बहुधा नाही. आपल्याकडे गेटपाशी रांगेत लावतात तो उंच, मधोमध किंचित फुगलेला 'बॉटल पाम' हा क्यूबाकडचा रॉयल पाम असतो. तसंच कुंडीतला 'अरेका पाम' पोफळ नसतो, मादागास्करचा असतो. परत आल्यावर मी तावातावाने एका रोपवाटिकेत गेले आणि खरा बॉटल पाम मागितला. मुलाने रॉयल पामकडे बोट केलं. मी पाच मिनिटं समजावलं: पोट बुंध्याशी हवं, झावळ्या चार-सहा, मूळ गाव राउंड आयलंड. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, मागच्या शेडमध्ये गेला आणि नेमकं तेच बुटकं, पोट सुटलेलं रोप घेऊन आला.

"हा होय," म्हणाला. "याला आम्ही शॅम्पेन म्हणतो. बाराशे."